मुक्या जिवाचे पितृत्व

घरी पाळलेल्या जातिवंत नर कुत्र्याची पैदास करावी की त्याचे खच्चीकरण करावे, हा प्रश्न चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी आपल्या गावांत कोणी विचारला असता, तर ऐकणाऱ्याने तो हसण्यावारी नेला असता. त्या काळी वाडीतला कुत्रा वाडीचाच असे. रात्री केळीच्या बागेतून फिरणे, अनोळखी पावलांवर भुंकणे आणि दुपारी विहिरीच्या काठाशी ओल्या मातीत अंग टाकणे, एवढे त्याचे आयुष्य. भादव्यात तो चार दिवस नाहीसा होई, फाटक्या कानाने लंगडत परत येई आणि त्याविषयी घरात चर्चा होत नसे. त्याची वंशावळ कोणाला ठाऊक नव्हती आणि त्याची संतती मोजण्याची कोणाला गरज वाटत नव्हती.

आज बागांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आहेत. ज्या घरांत पूर्वी गावठी कुत्रा अंगणात असे, त्या घरांत आता लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड वा पग दिवाणखान्यात असतो. तो पैसे मोजून आणलेला असतो, त्याच्याबरोबर वंशावळीचा दाखला आलेला असतो आणि त्याचे जन्मणे जसे माणसाने ठरवलेले असते, तसेच त्याचे पुढे वाढणे वा न वाढणेही माणसालाच ठरवावे लागते. जेथे निवड आली, तेथे जबाबदारी आली आणि जेथे जबाबदारी आली, तेथे विवेकाचा प्रश्न आला. प्रश्न लहान आहे म्हणून तो टाळावा असे नाही. लहान प्रश्नांत माणूस स्वतःला फसवण्याची शक्यता अधिक असते, कारण तेथे त्याच्यावर कोणाची नजर नसते.

उदाहरणादाखल एक कल्पित घर डोळ्यांपुढे आणू या. घरात अडीच वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे. देखणा, मायाळू, दाखलेवाला. एके दिवशी ओळखीतले एक गृहस्थ येतात. त्यांच्याकडे त्याच जातीची मादी आहे. ते म्हणतात, "मामा, दोन दिवस तुमचा नर द्या. पिल्ले झाली की पहिले निवडलेले पिल्लू तुमचे, नाहीतर रोख रक्कम घ्या." घरात बैठक बसते. वडिलांना प्रस्ताव रास्त वाटतो. खर्च तर त्यांनीच आजवर केलेला असतो. आजी म्हणते, "अरे, त्यालाही जीव आहे. एकदा तरी त्याचा संसार होऊ दे." महाविद्यालयात जाणारी मुलगी म्हणते, "बाबा, डॉक्टर तर ऑपरेशनच करून घ्या म्हणतात." आणि धाकटा मुलगा कुत्र्याच्या मानेत हात घालून विचारतो, "पण मग तो आपला पूर्वीचाच राहील का?"

या चार आवाजांत लाभ आहे, करुणा आहे, दक्षता आहे आणि भीतीही आहे. यांपैकी एकही आवाज निंद्य नाही. प्रत्येकाचे म्हणणे नीट ऐकून त्याला त्याची योग्य जागा द्यावी, एवढाच या लेखाचा प्रयत्न आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडे स्पष्ट बोलणे बरे. आपण बोलताना सरसकट 'नसबंदी' म्हणतो. नसबंदीत केवळ बीजवाहिनी बांधली जाते. वृषण शाबूत राहतात, प्रजनन थांबते, परंतु नराची वृत्ती बदलत नाही. कुत्र्याच्या बाबतीत बहुधा केले जाते ते खच्चीकरण, म्हणजे भूल देऊन दोन्ही वृषण काढून टाकणे. त्यामुळे बीज तर थांबतेच, शिवाय नराचा अंतःस्रावही जवळजवळ संपतो. या दोन गोष्टींतील भेद ध्यानात न घेता दिलेली संमती ही अर्धवट संमती होय.

खच्चीकरण आपल्या शेतकरी पूर्वजांना अपरिचित नव्हते. गोठ्यात जन्मलेल्या खोंडांपैकी बहुतेकांचे बैल होत आणि एखादाच वळू म्हणून राखला जाई. त्यात निर्दयता होती हे नाकारण्यात अर्थ नाही; भुलीचे औषध हाती नसताना जनावर बडवले जाई. परंतु त्या व्यवहारात एक शहाणपणही होते. वळू राखताना शेतकरी त्याच्या आईचे दूध पाही, बापाचे खांदे पाही, स्वभाव पाही. पैदास हा हक्क नसून निवड आहे, हे त्याला सांगावे लागत नसे. मूठभर नरांनी पुढची पिढी घडवावी आणि बाकीच्यांनी नांगर ओढावा, ही त्याची व्यवस्था. आज कुत्र्याच्या बाबतीत आपण नेमके उलट मानतो. कुत्रा नर आहे आणि त्याच्याजवळ दाखला आहे, एवढे कारण आपल्याला पैदाशीसाठी पुरेसे वाटते.

आता आजीच्या शब्दाकडे वळू. 'संसार' हा शब्द मायेपोटी आला आहे, म्हणून त्याचा आदर केला पाहिजे. परंतु तो शब्द माणसाचा आहे. कुत्र्याच्या समागमात वचन नाही, सहजीवन नाही आणि पितृत्वाची आस नाही. नर कुत्रा आपल्या पिल्लांना बाप म्हणून ओळखत नाही, त्यांच्यासाठी अन्न आणत नाही, त्यांच्या वियोगाने झुरत नाही. माजावर आलेल्या मादीचा गंध आला की त्याची वासना जागी होते. तो गंध नसेल तेव्हा आपण काही गमावले आहे अशी हुरहुर त्याला लागते असे मानण्यास आधार नाही. एकदा जोडी लावून दिली की नर शांत होतो, ही समजूतही आपल्याकडे प्रचलित आहे. पशुवैद्यकशास्त्रात तिला आधार सापडत नाही. समागमाने त्याचा अंतःस्राव कमी होत नाही, मग वृत्ती निवावी कशी?

येथे आपल्या वाचकांच्या मनात आणखी एक शंका येणे स्वाभाविक आहे. मानवी देहाच्या वंध्यीकरणाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण कडक असताना प्राण्याच्या बाबतीत ते कसे चालते? उत्तर सरळ आहे. ती शिकवण माणसाच्या प्रतिष्ठेवर, विवाहाच्या वचनावर आणि स्त्रीपुरुषांच्या मुक्त आत्मदानावर उभी आहे. जेथे वचन नाही तेथे वचनभंग नाही. याचा अर्थ प्राण्याचे काहीही करावे असा मात्र नव्हे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या श्रद्धाग्रंथात प्राण्यांविषयी मोजकी, पण समतोल भूमिका आहे. प्राणी देवाने माणसाच्या हाती सांभाळण्यासाठी दिले आहेत. त्यांना विनाकारण दुःख देणे वा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि गरिबांच्या दुःखनिवारणासाठी जे द्रव्य आधी खर्च व्हावे, ते प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या आपल्या परिपत्रात सृष्टीवरील माणसाची सत्ता ही मालकाची नव्हे, राखणदाराची आहे, हाच विचार विस्ताराने मांडला. म्हणजे आपल्यापुढील प्रश्न परवानगीचा राहत नाही, तो कारणाचा होतो. जे करायचे ते कोणासाठी आणि कशासाठी?

या कसोटीवर प्रथम खच्चीकरण तपासून पाहू. त्याचे काही लाभ निश्चित आहेत. वृषण नसल्याने वृषणांची गाठ होत नाही. उतारवयात नर कुत्र्यांना ज्या पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीचा त्रास होतो, तो बहुतांशी टळतो. मादीच्या वासावर फाटक ओलांडून पळण्याची, रस्त्यावर वा रेल्वेरुळांवर जीव गमावण्याची, इतर नरांशी झुंजण्याची ओढ पुष्कळ कमी होते. परंतु हे सर्व रोगांवरील औषध नव्हे. भीतीपोटी चावणारा कुत्रा शस्त्रक्रियेने निर्भय होत नाही. त्याला शिकवण व धीर लागतो. शस्त्रक्रियेनंतर शरीराची अन्नाची गरज घटते आणि भूक मात्र घटत नाही, म्हणून वजन वाढते. लॅब्रॅडॉरच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. या जातीतील बऱ्याच कुत्र्यांत भूक भागल्याची जाणीव मंदावणारा एक आनुवंशिक दोष असल्याचे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले आहे.

वयाचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २०१३ ते २०२० या काळात प्रथम गोल्डन रिट्रीव्हर, नंतर लॅब्रॅडॉर आणि शेवटी ३५ जातींच्या नोंदी तपासल्या. हाडांची वाढ पुरी होण्यापूर्वी खच्ची केलेल्या काही मोठ्या जातींत सांध्यांचे विकार अधिक आढळले. लॅब्रॅडॉर जातीत सहा महिन्यांच्या आतील शस्त्रक्रियेने हा धोका विशेष वाढलेला दिसला. लहान चणीच्या जातींत असा परिणाम बहुधा दिसला नाही. तेव्हा 'सहाव्या महिन्यात उरकून टाका' हा सरसकट सल्ला सर्वांना लागू पडत नाही. आपल्या कुत्र्याची जात, वय आणि राहणी पाहून पशुवैद्याशी बसून बोलावे लागते.

रस्त्यावरील कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि घरच्या कुत्र्याचे खच्चीकरण यांची गल्लतही होऊ देऊ नये. २००१ साली आलेल्या आणि २०२३ साली नव्याने केलेल्या केंद्र शासनाच्या नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची शस्त्रक्रिया होते, ती संख्या व रेबीज आटोक्यात आणण्यासाठी. ते सार्वजनिक हिताचे कारण आहे. बंद फाटकाआड राहणाऱ्या, साखळीशिवाय बाहेर न पडणाऱ्या कुत्र्याला ते कारण जसेच्या तसे लागू होत नाही. नॉर्वे देशाचा २००९ सालचा प्राणिकल्याण कायदा तर विशेष कारणाशिवाय प्राण्याचे खच्चीकरण करू देत नाही. तेथील कितीतरी नर कुत्रे खच्ची न होता आणि एकदाही समागम न करता सुखाने म्हातारे होतात. आपल्या घरातील बैठकीत हा तिसरा मार्ग कोणीच सुचवला नव्हता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पैदास की खच्चीकरण, असा पेच टाकला की दोन्हींपैकी एक केलेच पाहिजे असे वाटू लागते. वस्तुतः दोन्ही न करता नुसते सांभाळणे हाही निर्णय आहे. मात्र त्याची किंमत मालकाला दररोज मोजावी लागते. फाटक लावावे लागते, फिरवायला स्वतः जावे लागते, आणि शेजारची मादी माजावर आली की त्याच्या रात्रभरच्या रडण्यासोबत जागावे लागते.

धाकट्या मुलाच्या भीतीलाही येथेच उत्तर दिले पाहिजे. खच्चीकरणानंतर कुत्रा त्याला ओळखेल का, खेळेल का, दारात वाट पाहील का? होय. माणसाविषयीची ती माया वृषणांत नसते. परंतु याच भीतीचे एक प्रौढ रूप असते आणि ते सहसा बोलून दाखवले जात नाही. पुष्कळ पुरुषांना आपल्या नर कुत्र्याचे खच्चीकरण हा जणू स्वतःचा अपमान वाटतो. मादीच्या शस्त्रक्रियेला जो गृहस्थ सहज होकार देतो, तोच नराच्या वेळी बिचकतो. अशा वेळी आपण कुत्र्याचा विचार करीत नसून त्याच्या आरशात स्वतःला पाहत असतो. मुक्या प्राण्यावर आपल्या पौरुषाचे ओझे लादणे हा त्याचा सन्मान नव्हे. तसेच त्याला केवळ उपद्रव मानून, आपली फाटक लावण्याची दगदग वाचावी म्हणून शस्त्रक्रियेकडे नेणे, यातही फारशी उदात्तता नाही.

आता पैदाशीकडे येऊ. येथे पहिला मोह असतो तो दाखल्याचा. दाखला काय सांगतो? तो आईबापांची नावे सांगतो. आरोग्य सांगत नाही. लॅब्रॅडॉरचा इतिहासच पाहा. या जातीचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरील कोळ्यांचे कुत्रे. एकोणिसाव्या शतकात ते इंग्लंडमध्ये आले आणि माम्झबरी व बक्लू या सरदार घराण्यांनी त्यांची जोपासना केली. १८८० नंतरच्या दशकात एका घराण्याने दुसऱ्यास दिलेल्या नेड व एव्हॉन या नरांकडे या जातीचे आद्य पूर्वज म्हणून बोट दाखवले जाते. लंडनच्या केनेल क्लबची स्थापना १८७३ सालची. त्याने या जातीला १९०३ साली मान्यता दिली. त्यानंतर नोंदवहीतील कुत्र्यांचीच संतती नोंदवहीत, असा रिवाज पडला. माणसांच्या समाजात सोयरिक करताना आपण नाते किती जवळचे आहे हे विचारतो. जातिवंत कुत्र्यांत मात्र तेच पूर्वज पुनःपुन्हा येत राहिले. शुद्धतेचा जो अभिमान बाळगला जातो, त्याची दुसरी बाजू ही आहे.

या बंदिस्तपणात दोष लपून राहतात. डोळ्यांच्या पडद्याचा क्रमाने ऱ्हास होऊन कुत्र्याला अंधत्व आणणारा एक रोग लॅब्रॅडॉरमध्ये आढळतो. त्याला कारणीभूत असणारे जनुक २००६ साली सापडले. हा दोष आईकडून व बापाकडून, असा दोन्हीकडून मिळाला तरच रोग होतो. एकाकडूनच मिळाला तर कुत्रा आयुष्यभर निरोगी दिसतो, पण दोष पुढे देतो. असे दोन निरोगी दिसणारे वाहक एकत्र आले की सरासरीने चारांपैकी एक पिल्लू आंधळे होणार. आणि ते अंधत्व दिसू लागते कुत्रा काही वर्षांचा झाल्यावर, म्हणजे बहुधा त्याची स्वतःची पैदास होऊन गेल्यानंतर. खुब्याच्या सांध्याच्या विकृतीचे तसेच. ती अनेक जनुकांच्या व पोषणाच्या संयोगाने होते आणि बाहेरून दिसत नसली तरी क्ष-किरण चित्रात दिसते. अमेरिकेत १९६६ साली स्थापन झालेली एक संस्था असे चित्र तपासून प्रमाणपत्र देते, पण कुत्रा दोन वर्षांचा झाल्यावरच. देखणेपणा आणि मायाळूपणा हे गुण खरे. परंतु खुबा आणि डोळा डोळ्यांना दिसत नाहीत, हे वडिलांनी प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी जाणले पाहिजे.

समागमही अगदी निरुपद्रवी नसतो. आपल्या देशात भटक्या कुत्र्यांत आढळणारा एक सांसर्गिक अर्बुद मुख्यतः समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो. औषधांनी तो बहुधा बरा होतो, परंतु अनेक आठवडे शिरेतून औषध द्यावे लागते. वंध्यत्व व गर्भपात घडवणारा ब्रुसेला जंतूचा संसर्गही असाच पसरतो आणि तो माणसालाही होऊ शकतो. मादीच्या मालकाने नराची आणि नराच्या मालकाने मादीची तपासणी मागितली, तर त्यात अविश्वास नाही.

परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट याहून वेगळी आहे. नराच्या मालकाची स्थिती मादीच्या मालकासारखी नसते. मादी सुमारे ६३ दिवस गर्भ वाहते. तिच्या मालकाला तिचे जडावलेले चालणे दिसते, प्रसूतीची रात्र जागावी लागते, कधी अडलेल्या पिल्लासाठी शस्त्रक्रियेला न्यावे लागते, कधी मेलेले पिल्लू बागेत पुरावे लागते, आणि पुढे दोन महिने सहा-आठ पिल्लांचे सारे काही निस्तरावे लागते. या कष्टांतूनच त्याला पुन्हा विचार करण्याची बुद्धी येते. शिवाय मादीच्या वितांना शरीराची मर्यादा आहे. नराला अशी मर्यादा नाही. त्याचा मालक दोन दिवसांसाठी कुत्रा देतो, पिल्लू किंवा रक्कम घेतो आणि घरी येतो. दहा वेळा त्याने असे केले, तर साठ-सत्तर जीव जगात येतात आणि त्यांच्यापैकी एकाचेही दुखणे त्याच्या उंबरठ्यावर येत नाही. एखादा नर लोकप्रिय झाला की त्याचा दडलेला दोष एका पिढीत साऱ्या परगण्यात पसरतो, तो याच वाटेने.

म्हणजे ज्याच्या निर्णयाचा परिणाम सर्वांत दूरवर जातो, त्याच्याच वाट्याला त्या निर्णयाचे ओझे सर्वांत कमी येते. जेथे ओझे आपोआप येत नाही, तेथे ते विवेकाने उचलावे लागते. कुत्रा बाप होतो, पण पितृत्व त्याला कळत नाही. मग त्या पितृत्वाचा जाब कोण देणार? ज्याने साखळी सोडली त्याने. कुत्र्याच्या बाबतीत संसार हा शब्द निरर्थक असला, तरी पितृत्वाचे उत्तरदायित्व हा शब्द निरर्थक नाही. तो केवळ दोन पायांवर चालणाऱ्याकडे आला आहे, एवढेच.

या उत्तरदायित्वाचा अर्थ काय? नराच्या मालकाने रक्कम वा पिल्लू घेण्यापूर्वी काही गोष्टी स्वतःला विचाराव्यात. माझ्या कुत्र्याचे खुबे व डोळे तपासले आहेत का, आणि मादीचे? स्वभावाने तो असा आहे का, की त्याच्यासारखे आणखी आठ जीव लहान मुले असलेल्या घरांत जावेत? आठही पिल्लांना घरे आहेत का, ती मला ठाऊक आहेत का? त्यांपैकी एखादे वर्षभराने नकोसे झाले, तर माझे दार त्याच्यासाठी उघडे असेल का? केंद्र शासनाच्या २०१७ सालच्या नियमांनी पैदासकारांना नोंदणी सक्तीची केली, आठ आठवड्यांखालील पिल्लाच्या विक्रीस मनाई केली आणि मादीच्या वयाला व वितांना मर्यादा घातली. परंतु कायदा किमान सांगतो. आपल्याला त्याहून थोडे अधिक अपेक्षित असावे. मोठ्या हौसेने आणलेली जातिवंत कुत्री, सदनिका बदलली, परगावी नोकरी लागली वा आजारपणाचा खर्च झेपेना म्हणून प्राणिनिवाऱ्यांच्या दारात सोडली जातात. तीही कधीकाळी कोणाच्या तरी 'एका जोडीची' पिल्ले होती.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, अन्यथा लेख एकांगी होईल. सर्वच सुज्ञ माणसांनी पैदाशीतून अंग काढून घेतले, तर ती केवळ धंदेवाइकांच्या हाती उरेल आणि निरोगी, शांत स्वभावाचे कुत्रे मिळणे दुरापास्त होईल. आंधळ्याला वाट दाखवणारा वा ढिगाऱ्याखालचा माणूस शोधणारा कुत्रा कोणाच्या तरी विचारपूर्वक केलेल्या पैदाशीतूनच येतो. आणि पैदास नुसती चालू ठेवणे पुरेसे नाही, ती कशी चालते यालाही महत्त्व आहे. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीची तेथे चालत आलेली पैदास प्राणिकल्याण कायद्याच्या विरुद्ध ठरवली, कारण त्या जातीत आनुवंशिक रोगांचा भार फार वाढला होता. देखणेपणासाठी जन्मणाऱ्या जिवाने आयुष्यभर वेदना भोगावी, हे त्या न्यायालयाने मान्य केले नाही. म्हणून तपासणी केलेला, उत्तम स्वभावाचा नर ज्याच्या घरी आहे आणि पिल्लांचे दायित्व घेण्याची ज्याची तयारी आहे, त्याने पैदास केली तर त्यात दोष नाही. उलट ते एक उपकारक काम आहे. परंतु ते काम आहे, भेट म्हणून आलेली संधी नव्हे.

यावरून मला एक क्रम सुचतो. पैदास करणाऱ्याला अजून न जन्मलेल्या आठ जिवांसाठी उत्तर द्यायचे आहे, म्हणून त्याचे कारण सर्वांत सबळ हवे. खच्चीकरण करणाऱ्याला आपल्याकडे सोपवलेल्या एका जिवासाठी उत्तर द्यायचे आहे, म्हणून तेथेही कारण हवे. ते आरोग्याचे असेल, सुरक्षिततेचे असेल किंवा आसपास मोकळ्या मादींचा वावर असल्याचे असेल, पण योग्य वयात आणि योग्य हातांनी. आणि दोन्ही न करणाऱ्याला स्वतःच्या दक्षतेसाठी उत्तर द्यायचे आहे. फाटक उघडे टाकून 'मी त्याच्या निसर्गात ढवळाढवळ करीत नाही' असे म्हणणारा मालक या तिघांत सर्वांत बेजबाबदार होय, कारण तो पैदासही करतो आणि तिचा जाबही देत नाही. आपल्या कल्पित घरापुरते बोलायचे, तर पाहुण्यांना आज नकारच द्यावा लागेल. तपासण्या झालेल्या नाहीत आणि पिल्लांची घरे ठाऊक नाहीत. शस्त्रक्रियेचा निर्णय मात्र पशुवैद्याशी बोलून, घरातली फाटक सांभाळण्याची खरी कुवत पाहून, सवडीने घेता येईल.

पवित्र शास्त्रातील तोबिताच्या ग्रंथात एक कुत्रा येतो. तरुण तोबिया राफाएल देवदूताच्या संगतीने दूरच्या प्रवासाला निघतो, तेव्हा हा कुत्रा त्यांच्याबरोबर चालू लागतो आणि परतीच्या वाटेवरही तो त्यांच्यामागे असतो. त्याचे नाव सांगितलेले नाही, जात सांगितलेली नाही, त्याला पिल्ले होती की नव्हती हेही नाही. तो बरोबर होता, एवढीच त्याची नोंद. आपल्या घरातील कुत्र्याचे मोलही अखेरीस त्याच्या दाखल्यात नसते आणि त्याच्या संततीतही नसते. दहा-बारा वर्षांच्या सोबतीत ते असते. ती सोबत त्याने दिली आहे. तिच्या बदल्यात त्याच्या वतीने नीट विचार करणे एवढे आपल्याकडून व्हावे, कारण विचार करणे तेवढे त्याला जमत नाही.